बंदी उठली, पाळी चुकली
वाचकांचे प्रश्न, डॉक्टरबाईंची उत्तरं

प्रश्न : डॉक्टरबाई, नमस्कार. मी गुहागर तालुक्यातली. नाव आणि वाडी छापू नका. वय एकतीस. माझे मिस्टर ट्रॉलरवर खलाशी आहेत. सात वर्षांपूर्वी पहिल्या खेपेला दिवस गेले तेव्हा रक्त तपासलं आणि एचआयव्ही निघाला. मग यांचाही निघाला. दोघांच्या गोळ्या चालू आहेत, एकही चुकवत नाही. मुलगा सहा वर्षांचा आहे, त्याला काही नाही, अठराव्या महिन्याची तपासणीसुद्धा चांगली आली. माझ्या व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्याच्या, रिपोर्टवर ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ लिहिलंय.

पावसाळ्यात मासेमारीला बंदी असते, तेव्हा हे दोन महिने घरी असतात. गोळ्यांबरोबर सेंटरवरून निरोध आणते, तो जूनमध्येच संपला. गावातलं दुकान चुलत दिराचं. आशाताई माझ्या जावेची सख्खी बहीण. मागणार कुणाकडे? हे म्हणाले, एकदा-दोनदानं काय होतंय. आषाढी एकादशीच्या आधी दोन दिवस पाळी आली होती, ती शेवटची. नारळी पौर्णिमा झाली, हे बोटीवर गेले आणि मी तालुक्याहून पट्टी आणून बघितली तर दोन रेघा.

तिथल्याच एका खासगी दवाखान्यात गेले. फाइल बघून काउंटरवरची बाई मोठ्यानं म्हणाली, “माहीत असून परत राहिलात?” बाकावर चार बायका बसलेल्या. डॉक्टर म्हणाले, मोकळं करून देतो, पण त्याच वेळी कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन करून घ्यायचं, नवऱ्याची सही लागेल आणि वेगळ्या किटचे पैसे पडतील. सही कुठून आणू? माणूस समुद्रात. आणि खरं सांगू, मला हे मूल नकोय की मी नुसती घाबरलेय, तेच मला कळत नाही.

बाळाला लागण होईल का? या गोळ्यांनी बाळात व्यंग येतं असं ऐकलं, ते खरं का? काढायचं ठरवलं तर यांची सही लागतेच का? आणि पुढं काय वापरू? सेंटरवर निरोधच सांगतात, आमच्यासारख्यांना दुसरं काही चालत नाही म्हणतात. फोन केलात तर दुपारी दोन ते चार करा, तेव्हा सासूबाई झोपतात. त्यांना माझ्या गोळ्या थायरॉइडच्या वाटतात.

उत्तर : तुला ‘तू’च म्हणते, माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची आहेस. तुझं पत्र माझ्या हातात पडलं तेव्हा गणपती आठ दिवसांवर होते. हा अंक निघेपर्यंत थांबले असते तर उत्तर नुसतं वाचायच्या कामाचं उरलं असतं. म्हणून त्याच दुपारी सव्वादोनला तुला फोन केला. तू गोठ्यामागं जाऊन बोललीस, मध्येच “हो हो, तांदूळ पाठवते” असंही म्हणालीस. तेव्हा मी काय सांगितलं ते तुझ्या परवानगीनं इथं लिहिते आहे, थोडं भर घालून. कारण अशा पत्रांची माझ्या टेबलावर ही पहिली खेप नव्हे. गावं बदलतात, बाकावरच्या चार बायका त्याच असतात. तू काय ठरवलंस ते मात्र लिहिणार नाही. वाचकांनी मला त्याबद्दल विचारू नये.

आधी दिवस मोजू, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचं, संबंध आला त्या दिवसापासून नव्हे. आषाढीच्या आधी दोन दिवस, म्हणजे आपण बोललो तेव्हा साडेसहा आठवडे झाले होते. गोळ्या देऊन गर्भपात करायचा तर तो नऊ आठवड्यांपर्यंत करता येतो. मी पंचांग उघडून बघितलं, तुझे नऊ आठवडे अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी भरत होते. त्यानंतर दार बंद होतं असं अजिबात नाही, पुढं पिशवी रिकामी करायची छोटी प्रक्रिया असते आणि तीही सुरक्षित आहे. पण आपल्याकडे गणपतीत दवाखाने अर्धे रिकामे, एसटी चाकरमान्यांनी भरलेल्या आणि घरातून बाहेर पडायला सबब सापडत नाही. म्हणून म्हटलं, ठरव काहीही, पण सोनोग्राफी आणि हिमोग्लोबिन गणपती यायच्या आधी करून घे. दोन्ही रस्त्यांना ते लागतंच. गर्भ पिशवीतच आहे ना, एवढं आधी बघायचं असतं. मेडिकलवाल्याकडून परस्पर किट आणून घरी गोळ्या खाण्याचा उद्योग कुणीही करू नये, एचआयव्ही असो वा नसो.

आता सही. नवऱ्याची सही लागत नाही. गर्भपाताचा कायदा 1971 चा, त्यात 2021 साली दुरुस्ती झाली. बाई अठरा वर्षं पूर्ण झालेली असेल तर तिची एकटीची संमती पुरते. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. साधन फसलं हे कारण कायद्यात धरलेलं आहे, बाईच्या मनावर होणारा परिणाम हेही आहे. तुझं नाव बाहेर सांगायला डॉक्टरला मनाई आहे. तरी दवाखान्यांतून सही मागतात, कारण उद्या नवरा येऊन दारात आरडाओरडा करील ही भीती. ती भीती डॉक्टरची आहे. तिचा भार तू वाहायचं कारण नाही.

“ऑपरेशन केलंस तरच मोकळं करतो” हे तर सरळ बेकायदा. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. त्यात स्पष्ट म्हटलंय की एचआयव्ही असलेल्या गरोदर बाईची नसबंदी किंवा गर्भपात तिच्या समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय करता येणार नाही. एकाच्या बदल्यात दुसरं, याला संमती म्हणत नाहीत, त्याला अडवणूक म्हणतात. तुला पुढंमागं ऑपरेशन हवं वाटलं तर एचआयव्ही आड येत नाही, पण ते तुझ्या सवडीनं. आणि ‘वेगळं किट’! हातमोजे, निर्जंतुक हत्यारं ही काळजी प्रत्येक पेशंटला घ्यायचीच असते, कारण कुणाच्या रक्तात काय आहे हे चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं. तुझ्या फाइलवर लिहिलेलं होतं, म्हणून तुझ्याकडून पैसे. बाकावरच्या चौघींपैकी कुणाला माहीत नसताना असेल तर? या कायद्याखाली तक्रार ऐकायला राज्यात ओम्बड्समन नेमायचा असतो. तुला तक्रार करायची नाही म्हणालीस, ठीक आहे. पण त्या दवाखान्याकडे परत जाऊ नकोस. सरकारी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जा आणि जायच्या आधी तुझ्या गोळ्या मिळतात त्या एआरटी सेंटरच्या समुपदेशकाला फोन कर, म्हणजे तिथं कुणाला भेटायचं ते तो सांगेल. 1097 ही सरकारी हेल्पलाइनही आहे, पैसे पडत नाहीत.

आता तू फोनवर सर्वांत हळू आवाजात विचारलेला प्रश्न : ठेवलं तर?

काहीच औषधोपचार नसतील आणि बाळ अंगावर पीत असेल, तर शंभरातल्या पंधरा ते पंचेचाळीस बाळांना आईकडून लागण होऊ शकते. हा जुना आकडा लोकांच्या डोक्यात घट्ट बसलाय. तुझ्यासारखी, जी दिवस जाण्याच्या आधीपासून गोळ्या घेते आणि जिचा विषाणू रिपोर्टात सापडतसुद्धा नाही, तिच्या बाबतीत हा धोका शंभरात दोनाच्या आत येतो. तुझा मुलगा अंगणात खेळतोय तो काही चमत्कार नव्हे. गोळ्या नेमानं घेतल्या की असंच होतं. आणि त्या वेळी तर तुला गोळ्या गरोदरपणातच सुरू झाल्या होत्या. आता सात वर्षं चालू आहेत.

व्यंगाचं ऐकलंस त्यालाही एक मूळ आहे. तुझी रात्रीची गोळी म्हणजे टीएलडी, त्यातला ‘डी’ म्हणजे डोल्युटेग्राविर. 2018 साली बोट्सवानातून एक इशारा आला होता की या औषधावर असताना दिवस गेले तर बाळाच्या मणक्यात दोष येण्याचं प्रमाण जास्त दिसतंय. जगभर घबराट झाली. पुढं त्याच देशात आणखी हजारो बाळंतपणं मोजली गेली तेव्हा ते प्रमाण खाली येत गेलं आणि 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ही गोळी सगळ्या बायकांना द्या असं सांगितलं. बातमी मात्र इशाऱ्याचीच पसरली, खुलाशाची नाही. तेव्हा भीतीपोटी गोळी बंद करणं ही यातली एकमेव घातक गोष्ट. फोलिक ॲसिड चालू कर, ते सगळ्याच गरोदर बायकांना देतात.

एक बारीक गोष्ट, जी फाइलवर कुणी लिहून देत नाही. गरोदरपणात लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात. त्या रिकाम्या पोटी टीएलडीबरोबर घेतल्या तर टीएलडी नीट शोषली जात नाही. म्हणून टीएलडी रात्री जेवून, लोह सकाळी, कॅल्शियम दुपारी जेवणानंतर, म्हणजे कुणी कुणाच्या वाटेत येत नाही. लोहाची गोळी चहाबरोबर नको. आपल्याकडे आमसुलं आहेत, लिंबं आहेत, त्यातलं काही चालेल.

बत्तीस ते छत्तीस आठवड्यांच्या मध्ये व्हायरल लोड पुन्हा करतात. तो दबलेला असेल तर बाळंतपण नेहमीसारखं होऊ शकतं, केवळ एचआयव्हीसाठी सिझेरियन लागत नाही. बाळाला लागण टाळायला सहा आठवडे नेव्हिरापिनचं सिरप. बाळाची तपासणी सहाव्या आठवड्यात, मग सहाव्या महिन्यात, बाराव्या महिन्यात आणि शेवटची अठराव्याला, हे तुला पाठ आहे. दूध पहिले सहा महिने अंगावरचंच, वरचं काही मिसळायचं नाही. सासूबाई मधाचं बोट घेऊन येतील, तेवढं सांभाळ.

पुढं काय वापरायचं, यावर मला जरा जास्त बोलायचंय.

‘आमच्यासारख्यांना दुसरं चालत नाही’ हे तुला ज्यानं सांगितलं त्यानं बहुधा जाणूनबुजून खोटं सांगितलेलं नाही. सेंटरवर निरोध सांगतात कारण त्यांचं लक्ष लागण थांबवण्यावर असतं. समोरच्या खोलीत कुटुंब नियोजनाची सिस्टर बसते, तिच्या कपाटात तांबी (कॉपर-टी) आहे, माला-एनच्या रोजच्या गोळ्या आहेत, अंतराचं इंजेक्शन आहे, पण तिला वाटतं एआरटीच्या बायकांचं सेंटरवालेच बघतात. दोन खोल्यांच्या मधल्या व्हरांड्यात बाई उभी असते आणि तिच्या हातात असतो एक निरोधचा बॉक्स, तोही जूनमध्ये संपणारा.

मी स्वतः त्या व्हरांड्यातली दोषी आहे. 2014 ची गोष्ट. माझ्या दवाखान्यात एक बाई आली, निरोध फाटला म्हणाली, परवा रात्री. मी तातडीची गोळी लिहून दिली. बहात्तर तासांच्या आत होती, माझ्या हिशेबी काम झालं. दीड महिन्यानं ती परत आली, हातात दोन रेघांची पट्टी. फाइल तेव्हा काढली तिनं, पिशवीच्या तळातून, वर कोथिंबिरीची जुडी. ती एचआयव्हीसाठी रात्री जी गोळी घेत होती त्यात एफाविरेन्झ नावाचं औषध होतं. त्या औषधानं तातडीच्या गोळीचं रक्तातलं प्रमाण निम्म्याच्याही खाली येतं. तिला त्या दिवशी तांबी बसवली असती तर काम झालं असतं, संबंधानंतर पाच दिवसांपर्यंत तांबी हा सगळ्यांत खात्रीचा उपाय आहे. मी पुष्कळ दिवस म्हणत राहिले, तिनं मला सांगितलंच नाही. कशी सांगेल? माझा कंपाउंडर तिच्या वाडीतला होता आणि दार उघडं होतं. आणि मी विचारलं कुठं होतं?

त्या औषधाच्या मानानं तुझं बरंच सोपं आहे. टीएलडी कुठल्याही गर्भनिरोधकाच्या आड येत नाही. माला-एन चालते. अंतराचं इंजेक्शन चालतं, तीन महिन्यांनी एकदा दंडात घ्यायचं. त्यात पाळी अनियमित होते, पुढं थांबतेसुद्धा, आणि ते आधी सांगितलं नाही तर बायका घाबरून सोडतात. तांबीही चालते, पाच वर्षांची आणि दहा वर्षांची अशा दोन मिळतात, नवी गरज पडेपर्यंत विसरून जायची. तुझा आजार आटोक्यात आहे, त्यामुळे तांबीला आडकाठी नाही. प्रकृती फार ढासळलेली असेल, वजन झपाट्यानं उतरत असेल, तर डॉक्टर आधी ती सावरून मग तांबी बसवतात. तपासणीला टेबलावर झोपशीलच, तेव्हा गर्भपिशवीच्या तोंडाची कॅन्सरची तपासणीही करून मागून घे. एचआयव्ही असलेल्या बायकांत त्या कॅन्सरचा धोका सहापट असतो.

तू फोनवर विचारलंस, यातलं घरात लपवायला सोपं कुठलं? हा प्रश्न पुस्तकात नसतो, पण मला तोच खरा वाटतो. तू टीएलडीच्या गोळ्या बाटलीतून काढून फडक्यात बांधून तांदळाच्या डब्यात ठेवतेस, कारण बाटली हलवली की खुळखुळते. गोळी बाटलीतच राहू दे गं, दमट हवेत ती खराब होते. बाटलीत वर कापसाचा बोळा घाल, आवाज बंद. आणि त्याच हिशेबानं, रोजची आणखी एक पाकिटातली गोळी लपवण्यापेक्षा तांबी किंवा तीन महिन्यांचं इंजेक्शन तुला सोयीचं पडेल. गर्भपात झाला तर तो पूर्ण झाल्यावर किंवा बाळंतपण झालं तर त्यानंतर लगेच, तांबी दोन्ही वेळी बसवता येते. निरोध मात्र अगदी सोडू नका, बाकीच्या लागणी आहेतच. पण मूल होऊ नये ही जबाबदारी त्याच्या एकट्याच्या खांद्यावर नको. आणि पुढच्या मे महिन्यात सेंटरवर सांग, नवरा बंदीत घरी असतो, दोन महिन्यांचे जादा द्या. त्यांना कोकणातलं कॅलेंडर कुणीतरी सांगायला हवं.

प्रश्न : मी देवगडकडचा तांडेल. बायकोला एचआयव्ही आहे, मला नाही. मुलं दोन, आता नको. बायकोला त्रास नको म्हणून मी नसबंदी करीन म्हणतो, पण बोटीवरचे म्हणतात, मग जाळं ओढायची ताकद राहत नाही.

उत्तर : बोटीवरच्यांपैकी किती जणांनी करून बघितली आहे, विचारा. हल्ली बिनटाक्याची करतात, त्याच दिवशी घरी. दोन दिवस विश्रांती आणि आठवडाभर जड ओढायचं नाही, एवढंच. बंदीत करून घ्या, 1 जून ते 31 जुलै हातात असतात, ताकदीची चर्चाच नको. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. ऑपरेशननंतर तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि मग वीर्य तपासून खात्री करायची. आणि नसबंदीनं मूल थांबतं, लागण नाही. लागणीपासून तुम्हाला वाचवतात त्या बायकोच्या नेमानं घेतलेल्या गोळ्या, तिचा दबलेला व्हायरल लोड आणि निरोध. तिच्या रिपोर्टची तारीख तुम्हाला पाठ असायला हवी, आणि तुमचीही तपासणी दर सहा महिन्यांनी. बाकी तुमचं पत्र माझ्या फाइलमध्ये जपून ठेवलंय. अशी फार येत नाहीत.

प्रश्न : मी सिंधुदुर्गातली आशा. माझ्याकडे माला-एन, निरोध, तातडीची गोळी सगळं असतं. पण कोणत्या बाईला एचआयव्ही आहे हे मला कुणी सांगत नाही. मग चुकीचं काही दिलं गेलं तर?

उत्तर : तुला कुणी सांगत नाही तेच बरोबर आहे. तिचं नाव गुप्त ठेवणं हा कायदा आहे, आणि तुझ्या वाडीत तुझीही कुणीतरी जाऊ, कुणीतरी वहिनी असणारच. वरचं पत्र वाचलंस ना?

तुला ते कळायची गरजही नाही. गोळी हातात देण्याआधी एक प्रश्न विचारायचा, प्रत्येकीला, सरपंचाच्या सुनेलासुद्धा, त्याच शब्दांत : “रोजची कुठली गोळी चालू आहे का? टीबीची, फिटची, आणखी कसली?” टीबीच्या औषधातलं रिफाम्पिसिन, ज्यानं लघवी लालसर होते, ते माला-एनचा परिणाम कमी करतं. फिटच्या काही गोळ्याही करतात. एचआयव्हीच्या जुन्या गोळ्यांपैकी काही करतात. बाईनं “आहे एक” म्हटलं की नाव विचारायचं नाही. म्हणायचं, “मग या गोळ्यांपेक्षा तांबी किंवा इंजेक्शन बरं, सिस्टरना एकटीनं भेटा, मी सांगून ठेवते.” सगळ्याजणींना विचारलंस की कुणी वेगळी पडत नाही. आणि हे पडवीत विचारू नकोस, विहिरीवर तर नकोच. पाणी भरून दोघी चढण चढत असाल तेव्हा विचार, तेव्हा कुणी मागं नसतं.